बाबासाहेब इंग्रजी कसे शिकले?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे इंग्रजी किती उच्च दर्जाचे होते, हे आपण जयंतीच्या प्रत्येक व्यासपीठावरून ऐकतो. पण ते इंग्रजी शिकले कसे, कोणाकडून, कोणत्या पुस्तकांतून, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. जणू ती त्यांना जन्मतःच मिळालेली देणगी होती. आम्हाला ही समजूत समाजाच्या नुकसानीची वाटते, म्हणून हा लेख.

आम्ही हिंजवडी आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये काम करतो. इथल्या काचेच्या इमारतींत साफसफाई, कँटीन, सुरक्षा आणि गाडी चालवण्याचे काम करणारी कितीतरी कुटुंबे आपली आहेत. बरीचशी मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेली. त्यांची मुले आता पदवीधर झाली आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही असे म्हणता येणार नाही. वाचलेले समजते, कामापुरते बोलता येते. अडते ते त्यापुढच्या पायरीवर. ईमेल लिहिताना 'द' कुठे लावायचा, 'शुड' आणि 'मस्ट' यांत फरक काय, मुलाखतीत तोंडात मराठी वाक्य येते आणि त्याचे शब्दाला शब्द इंग्रजी होते, तिथे गाडी थांबते. अशा मुलांना बाबासाहेबांचे उदाहरण दिले की ती मान खाली घालतात आणि म्हणतात, ते महामानव होते, आम्हाला कसे जमणार. आदर इतका वाढला की उदाहरणच हाताबाहेर गेले! मग आम्ही त्यांना बाबासाहेबांच्या वडिलांपासून सांगायला सुरुवात करतो.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात शिक्षक होते. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. ब्रिटिश सैन्यात शिपायांच्या मुलामुलींना शिकवण्याची सोय होती. गावात ज्यांना शाळेच्या ओट्यावर चढू देत नसत, त्यांच्या घरात छावणीमुळे अक्षर आले आणि त्याबरोबर इंग्रजीही आले. पुढे १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. हा निर्णय फक्त पोटावर मारणारा नव्हता. ज्या एका दाराने शिक्षण घरात येत होते, ते दार त्याने बंद झाले. भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू छावणीत झाला तो या काळाच्या अगदी काठावर. दार बंद होण्यापूर्वी जे घरात आले होते, ते रामजींनी मुलांना दिले.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबावडेकर या नावाने त्यांचा इंग्रजी पहिलीत प्रवेश झाला. नोंदवहीतला क्रमांक १९१४. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो तो यामुळेच. त्या काळी मराठी चौथी झाल्यावर इंग्रजी पहिली सुरू होत असे. म्हणजे नऊ वर्षांचा मुलगा इंग्रजीची मुळाक्षरे तिथे गिरवायला लागला. आमच्या वर्गातल्या मुलांना हे सांगितले की त्यांना आश्चर्य वाटते, कारण बाबासाहेब मराठी माध्यमातून आले हे अनेकांच्या लक्षातच आलेले नसते. वर्गात त्यांना गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे, हे आपण सर्व जाणतोच.

शाळेत शिकवले जाई तेवढ्यावर रामजींचा विश्वास नव्हता. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके पाठ करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग करून घेतले. आजच्या तरुणांना ही दोन नावे माहीत नसतील. हॉवर्ड हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते आणि त्यांच्या नावाची वाचनमाला इलाख्यातल्या शाळांत चालत असे. तर्खडकरांची पाठमाला तर आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत घरोघर होती. तिची पद्धत साधी आहे. व्याकरणाचा एक नियम, त्याचे शब्द, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी करायचे आणि इंग्रजी वाक्यांचे मराठी करायचे. पुन्हा पुढचा नियम.

आज या पद्धतीला जुनाट म्हणतात. वाकड चौकापासून हिंजवडीपर्यंत तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गांचे फलक लागलेले दिसतात, त्यांत व्याकरण हा शब्द शोधूनही सापडत नाही. आमचे मत वेगळे आहे. लहान मुलाला खेळता खेळता भाषा येते हे खरेच. पण एक भाषा पक्की झालेल्या विशी-बाविशीच्या मुलाला दोन भाषांची बांधणी कुठे वेगळी आहे हे कोणीतरी दाखवावे लागते. मराठीत आपण म्हणतो, मला भूक लागली, मला राग आला, मला आठवते. भूक, राग, आठवण या गोष्टी आपल्यावर येऊन पडतात आणि आपण 'मला' होऊन उभे असतो. इंग्रजीत तोच माणूस 'आय' होतो, कर्ता होतो. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून मध्ये येते. 'मी उद्या येतो' हे मराठीत वर्तमानकाळात सहज चालते, इंग्रजीत तेच वाक्य शब्दाला शब्द ठेवले तर चालत नाही. आणि 'अ', 'द' ही उपपदे तर मराठीत नाहीतच. जे आपल्या भाषेत नाही ते कानाला ऐकू येत नाही, म्हणून वर्षानुवर्षे इंग्रजी ऐकूनही 'द' सुटतो. भाषांतर करताना मात्र तो प्रत्येक वाक्यात समोर येऊन उभा राहतो, टाळता येत नाही.

साताऱ्याहून कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, झोप, सामान, पाहुणे आणि अभ्यास. रामजी स्वतः रात्री जागत आणि दोन वाजता मुलाला उठवून अभ्यासाला बसवत, मग स्वतः झोपत. मुलगा पाठ्यपुस्तकांपेक्षा दुसरीच पुस्तके जास्त वाचतो अशी त्यांची तक्रार असे, पण पुस्तक मागितले की नाही म्हणत नसत. पेन्शन तुटपुंजी. पैसे नसले की ते लग्न होऊन मुंबईतच राहणाऱ्या मुलीकडे जात, दोन-चार रुपये उसने मागत. तिच्याकडे नसले की दुसरीकडे जात. कधी मुलीचा दागिना मागून तो सावकाराकडे गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. बाबासाहेबांच्या इंग्रजीमागे आणि विद्वत्तेमागे त्या दोन बहिणींचे, मंजुळा आणि तुळसा यांचे, दागिने आहेत. व्याख्यानांत त्यांचे नाव फारसे येत नाही, यायला हवे.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायची होती. अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली आणि पर्शियन घ्यावी लागली. पुढे संस्कृत ते स्वतःच्या कष्टाने शिकले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. हा आकडा आम्ही मुद्दाम देत आहोत. कमी गुण पडले म्हणून स्वतःला 'ढ' समजणाऱ्या प्रत्येक मुलाने तो वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

याच सुमाराचा एक प्रसंग आहे. समाजातल्या मंडळींनी भीमरावांचा सत्कार करायचे ठरवले. चरित्रकार हा सत्कार मॅट्रिकनंतरचा म्हणून सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः लिहिले आहे ते इंग्रजी चौथीच्या परीक्षेबद्दल. इंग्रजी चौथी म्हणजे आज आपल्याला काहीच वाटणार नाही, पण त्या वेळी समाजात तिथपर्यंत पोहोचलेला मुलगा दुर्मीळ होता. रामजींनी परवानगी साफ नाकारली. पोराने परीक्षाच तर पास केली आहे, सत्कार केला तर डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळी मग दादा केळुसकरांकडे गेली. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखक, रामजींचे स्नेही. त्यांनी रामजींची समजूत घातली. सत्कार झाला, आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भीमरावांना भेट दिले. म्हणजे इंग्रजीतल्या यशाचे बक्षीस म्हणून मराठीतला बुद्ध हाती आला. या पुस्तकाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पार पडले. तिथले प्राध्यापक म्युलर त्यांना पुस्तके देत, कपडेही देत. बी.ए.ला विषय इंग्रजी आणि पर्शियन. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले. मुलाला मध्यरात्री उठवणाऱ्या त्या शिक्षकाला मुलाचे पुढचे काहीच पाहता आले नाही.

पुढचा भाग वाचकांना तोंडपाठ आहे, म्हणून थोडक्यात. १९१३ मध्ये न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, १९१५ मध्ये एम.ए., ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये परत, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९२० मध्ये पुन्हा लंडन. या काळात जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाला त्यांनी जर्मन भाषेत स्वतःच्या हाताने लिहिलेले अर्जाचे पत्र आजही उपलब्ध आहे. नवी भाषा शिकायची सवय एकदा लागली की ती सुटत नाही.

लंडनमधल्या एका गोष्टीपाशी मात्र थोडे थांबू. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध पहिल्या खेपेला जसाच्या तसा मान्य झाला नाही. ब्रिटिश राजवटीच्या चलन धोरणावरची टीका परीक्षकांना झोंबली होती. प्रबंध पुन्हा लिहा असे सांगण्यात आले. त्यांनी तो पुन्हा लिहिला, निष्कर्ष मात्र तेच ठेवले आणि पदवी मिळवली. तेच म्हणणे वेगळ्या शब्दांत, वेगळ्या मांडणीत, समोरच्याला नाकारता येणार नाही अशा रीतीने सांगणे, हे भाषेच्या वरच्या पायरीवरचे काम आहे. इंग्रजी बोलता येणे आणि हे जमणे यांत जे अंतर आहे, तेच आमच्या हिंजवडीच्या मुलांना पार करायचे आहे.

बाबासाहेबांनी इंग्रजी कशासाठी वापरले हे पाहिले तर लक्षात येते की त्यांच्या दृष्टीने शब्द निवडणे हा हक्काचा प्रश्न होता. साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये, सायमन कमिशनपुढे २३ ऑक्टोबर १९२८ रोजी आपल्या पुण्यातच, आणि १९३० पासून लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी जी बाजू मांडली ती इंग्रजीत. सरकारी कागदांत आपल्या समाजाला 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, नोव्हेंबर १९३१ मध्ये दिलेल्या पुरवणी निवेदनात त्यांनी या नावालाच हरकत घेतली. या शब्दाने असे भासते की हा समाज खालचा आणि असहाय आहे. त्याऐवजी 'नॉन-कास्ट हिंदू', 'प्रोटेस्टंट हिंदू' किंवा 'नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू' असे नाव द्यावे असे त्यांनी सुचवले. यातले दोन शब्द थेट ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातून घेतलेले आहेत. प्रस्थापित चर्चच्या विरोधात उभे राहिलेल्यांना इंग्रज माणूस प्रोटेस्टंट आणि नॉन-कन्फॉर्मिस्ट म्हणतो. समोर बसलेल्या इंग्रजांना त्यांच्याच इतिहासातला शब्द देऊन त्यांनी सांगितले की आम्ही दबलेले नाही, आम्ही न मानणारे आहोत. शब्दकोशात अर्थ पाहून हे जमत नाही. शब्द कोणत्या घरातून आला, कोणाच्या तोंडी असतो, त्याच्या शेजारी कोणते शब्द बसतात, हे ठाऊक असावे लागते.

जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकात 'हरिजन' हा शब्द आला. दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला. सरकार पक्षाने बहुमताने शब्द कायम ठेवला, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभागृहातून बाहेर पडले. एका नामासाठी सभात्याग!

एका स्वल्पविरामाची गोष्टही सर्वांना माहीत असायला हवी. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. छापील भाषण आधी पाहिल्यावर मंडळींची चलबिचल झाली. वेदांचा उल्लेख खटकला, काही भाग वगळावा अशी विनंती झाली. बाबासाहेबांनी पत्राने कळवले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी स्वखर्चाने भाषणाच्या १५०० प्रती काढल्या. तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. आम्हाला त्या पुस्तकाची एक गोष्ट विद्यार्थ्यांना दाखवायला आवडते. वकिली वळणाची लांब वाक्ये एकामागून एक येतात आणि मग मध्येच पाच-सहा शब्दांचे छोटे वाक्य येऊन आदळते. इंग्रजीत लांब वाक्य लिहिता आले म्हणजे भाषा आली, असे समजणाऱ्यांनी ती छोटी वाक्ये मोजावीत.

संविधानाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. आमच्या वर्गात आम्ही 'पॅसिव्ह व्हॉइस' म्हणजे कर्मणी प्रयोग शिकवताना अनुच्छेद १७ घेतो. अस्पृश्यता नष्ट झाल्याचे सांगणारे हे कलम उपसमितीपासून मसुदा समितीपर्यंत अनेकांच्या हातून गेले आहे, ते एकट्या बाबासाहेबांनी लिहिले असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यातल्या शब्दाशब्दावर त्यांची नजर होती. त्या कलमाच्या पहिल्या वाक्यात क्रियापद 'इज अबॉलिश्ड' असे आहे. 'शॅल बी अबॉलिश्ड' असे नाही. म्हणजे अस्पृश्यता पुढे कधीतरी नष्ट केली जाईल असे आश्वासन तिथे नाही. संविधान लागू झाले त्या क्षणी ती गेली, असे ते क्रियापद सांगते. दुसऱ्या वाक्यात मात्र 'शॅल बी' येते, कारण तिथे पुढे जो कोणी ती पाळेल त्याच्या गुन्ह्याबद्दल बोलायचे आहे. काळाचा फरक इतका नेमका आहे. शिवाय मूळ इंग्रजीत अस्पृश्यता हा शब्द अवतरणचिन्हांत आहे आणि त्याची व्याख्या दिलेली नाही. १९५८ साली म्हैसूर उच्च न्यायालयाला त्या चिन्हांचाही अर्थ लावावा लागला. शब्दाचा नुसता व्याकरणातला अर्थ घ्यायचा नाही, या देशात इतिहासाने जी प्रथा घडवली ती घ्यायची, असा तो अर्थ. विद्यार्थ्यांना विरामचिन्हे कंटाळवाणी वाटतात. हे सांगितल्यावर वाटत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

अनुच्छेद २१ चेही तसेच. 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ' या शब्दांऐवजी 'प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ' असे शब्द मसुद्यात आले, त्यावर घटना समितीत मोठा वाद झाला. पहिल्या शब्दांत न्यायालयाला कायदाच तपासायचा अधिकार मिळतो, दुसऱ्या शब्दांत कायदेमंडळाने ठरवलेली पद्धत पाळली एवढे पुरते. दोन्ही बाजूंचे धोके बाबासाहेबांनी डिसेंबर १९४८ मध्ये सभागृहापुढे ठेवले. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी अटकेतल्या माणसाच्या संरक्षणाचे वेगळे कलम आणले, तो आजचा अनुच्छेद २२. दोन शब्दसमूहांतल्या फरकावर माणसाचे स्वातंत्र्य कसे अवलंबून असते याचे यापेक्षा ठळक उदाहरण आम्हाला माहीत नाही.

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. बाबासाहेब इंग्रजीत इतके रमले तर मराठीचे काय? उत्तर त्यांच्या वृत्तपत्रांत आहे. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला सुरू झाले ते मराठीत. 'बहिष्कृत भारत' १९२७, 'जनता' १९३०, आणि 'जनता'चेच १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले. मुका, मग बहिष्कृत, मग जनता, मग प्रबुद्ध, ही नावे ओळीने वाचली तरी पुरे. 'बहिष्कृत भारत'चे अंक काढून पाहा. त्यांतले मराठी ठसठशीत आहे, म्हणींनी भरलेले आहे, प्रतिपक्षाला चिमटे काढणारे आहे. इंग्रजीतली वाक्यरचना मराठीत ओढून आणल्याची खूण त्यात सापडत नाही. दोन्ही बाजूंनी भाषांतर केलेल्या मुलाला दोन्ही भाषांच्या सीमा ठाऊक असतात. मराठी कच्ची ठेवून इंग्रजी पक्की होईल या आशेवर असलेल्या पालकांनी याचा विचार करावा. आमच्या पाहण्यात अशी मुले आहेत ज्यांना धड मराठी अर्ज लिहिता येत नाही आणि इंग्रजीही नाही, आणि दोष त्यांचा नाही.

डिसेंबर १९५४ हा महिना आम्हाला यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. त्या महिन्यात बाबासाहेब ब्रह्मदेशात रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेत इंग्रजीत बोलले. तिथून बुद्धमूर्ती आली आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात त्यांच्या हस्ते तिची स्थापना झाली. हिंजवडीहून देहूरोड हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. तिथे जमलेल्या आपल्या आजी-आजोबांशी ते मराठीत बोलले. एकच माणूस, एकच महिना, एकच विषय. श्रोते बदलले तशी भाषा बदलली.

वयाच्या साठीकडे झुकल्यावर, मधुमेहाने पाय आणि दृष्टी साथ देत नसताना, त्यांनी पुन्हा व्याकरण हाती घेतले. या वेळी पालीचे. पाली व्याकरणाचे पुस्तक आणि पाली शब्दकोश त्यांनी तयार केला. कोशात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि गुजरातीतही दिले आहेत. हे काम त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात ते प्रसिद्ध केले. आपल्या घराघरांत बाबासाहेबांचे खंड दिसतात, पण सोळावा खंड उघडलेला आम्ही फार थोड्या ठिकाणी पाहिला. विहारात रोज ज्या गाथा म्हणतो त्यांतली विभक्ती कोणती, क्रियापद कोणते, हे समजावे म्हणून एका आजारी माणसाने हे तक्ते मांडले होते. लहानपणी तर्खडकरांची पाठमाला केलेला विद्यार्थी आता आपल्यासाठी पाठमाला लिहीत होता.

शेवटच्या ग्रंथाचीही अशीच शब्दाची गोष्ट आहे. तो इंग्रजीत लिहिला. १९५१ मध्ये जाणकारांच्या अभिप्रायासाठी त्याच्या मोजक्या प्रती खासगीरीत्या छापल्या, तेव्हा नावात 'गॉस्पेल' हा शब्द होता. इंग्रजी वाचकाला तो ओळखीचा, पण तो येशूच्या शुभवार्तेचा शब्द. पुढे त्यांनी तो काढला आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म' असे नाव ठेवले. 'धम्म' या शब्दाचे भाषांतर 'रिलिजन' असे करता येणार नाही, हे त्यांनी त्या ग्रंथातच सविस्तर मांडले आहे. रिलिजन देवाशी आणि आत्म्याशी बांधलेला, धम्म माणसामाणसांतल्या वागणुकीशी. ज्या माणसाकडे इंग्रजीचे एवढे मोठे भांडार होते, त्याने या एका जागी इंग्रजी शब्द नाकारून पाली शब्द तसाच ठेवला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर जेमतेम सात आठवडे. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीतल्या अलीपूर रोडच्या घरी त्यांनी आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेल्या पत्रांच्या आणि या ग्रंथाच्या प्रस्तावनेच्या टंकलिखित प्रती तपासण्यासाठी आपल्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. त्या प्रस्तावनेत लष्करी शिस्तीचे वडील आहेत, इंग्रजी चौथीचा सत्कार आहे, त्याला नकार देणारे रामजी आहेत आणि दादा केळुसकरांनी दिलेले मराठी पुस्तक आहे. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात छापली गेली नाही.